फेलोशिपच्या फ्लेक्सवरचा शुभेच्छुक

"अबे वर घे, अजून वर! पोट्ट्याचं नाक मुडपून राह्यलं नं!"

माझ्या मित्राचे काका आमच्या धाड गावच्या एसटी थांब्यावर असे ओरडत होते, की बुलढाण्यात कोणीतरी दचकून ब्रेक दाबला असेल. शिडीवर मी, हातात सुतळी. आणि समोर वावराएवढ्या फ्लेक्सवर मित्र. डोक्याला फेटा, मागं विमान. फेलोशिप वर्षभराची, मेळघाटातल्या गावांत पाण्याच्या कामाची. तिथं विमान कुठून उतरणार होतं, ते फ्लेक्सवाल्यालाच ठाऊक. अंगातला शर्ट मात्र माझा. मुलाखतीसाठी नेलेला, अजून परत न आलेला.

आमच्याकडं कोणाची कुठंही निवड झाली की फ्लेक्स लागतो आणि खाली शुभेच्छुकांची गोल गोल तोंडं. त्यातलं शेवटचं तोंड माझं. बटणाएवढं.

ही फेलोशिप शोधली कोणी? मी! इंटर्नशिपा अन् फेलोशिपा धुंडाळण्यात मी जितका डेटा जाळला, तितकं लोणारच्या सरोवरात पाणी नसेल. जाहिरात याला मीच पाठवली. काऊन, तर मुलाखतीला जायला सोबत पाहिजे! सोबत निवडली गेली आणि मी प्रतीक्षा यादीत पहिला. त्यानं नाही म्हटलं तर जागा माझी. पोटात अशी आग, की तिच्यावर अख्ख्या आठवडी बाजाराची भजी तळून निघाली असती.

काका चहा सांगायला गेले, तसा मी शिडीवरूनच खाली उभ्या मित्रापाशी सुरू झालो.

"जाऊन राह्यला खरा, पण तिथले डास पाह्यले का बे? चिमणीएवढे. एकाले खाटेसकट उचलून नेलं."

"हाव?"

"नेटवर्कसाठी झाडावर चढा लागते. अन् झाडावर आधीच बिबट्या बसेल असते."

"तुले कोनं सांगतलं?"

"माहा मावसभाऊ हाये नं तिकडं."

मावशीच नाही मला, पण वेळ काही नातेवाईक मोजायची नव्हती. तो खालून दोरी ताणत ऐकत होता. चेहरा पडल्यासारखा वाटला. मला वरून मेळघाटच दिसायला लागला.

"तुह्या मायचं कसं होईन रे," मी आवाज हळवा केला. "अजूनबी नाही म्हन. काकाले मी समजावतो."

त्यानं खांबाला गाठ मारली. हात झटकले.

"म्या कालच होकार कळवला."