घुमटातला मंगळ

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि मला कडक मंगळ आहे. ही दोन वाक्यं एकाच बाईबद्दल आहेत, याचं आमच्या केनवडात कुणालाच नवल वाटत नाही. बाबांनाही नाही. शेती करून मला बी.एस्सी.ला घातलं ते त्यांनीच, आणि आलेली स्थळं पत्रिकेपायी परत पाठवली तीही त्यांनीच.

तिशी ओलांडल्यावर एक माणूस भेटला. रिसोडच्या एका शाळेत गणित शिकवणारा, शांत, माझ्या चिडण्यावर हसणारा. त्याच्या आईनं पत्रिकेचं नावसुद्धा काढलं नाही. अडून बसले ते बाबाच.

"त्याले मंगळ नाही, तुले हाये. पोराच्या जिवावर येईन," एवढंच त्यांचं म्हणणं. पोळ्याच्या आत होकार-नकार कळवायचा होता.

तेवढ्यात वाशीमच्या एका शाळेत फुगवायचं तारांगण आलं. तिकीट चहा-नाश्त्याच्या भावात. मी ठरवलं, वाद घालणं पुरे, आता दाखवूनच टाकू. नुसते दगडधोंडे आणि तांबडी माती डोळ्यांनी पाहिली की बाबा निवळतील आणि माझं लग्न होईल. फार हुशार समजत होते मी स्वतःला.

आईनं दशम्या आणि ठेचा बांधून घेतला. एसटीत तिनं दोनदा विचारलं, "मंगळ खरंच दिसते काय?"

"अगदी जवळून," मी खुशीत सांगितलं.

चपला बाहेर काढायच्या, वाकून आत शिरायचं, अंधारात मांडी घालून बसायचं. माझ्या आईबाबांना यापेक्षा ओळखीची जागा कोणती असणार? मला तिथंच कळायला हवं होतं.

शनीच्या कड्यांना पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग मंगळ आला. मोठा होत होत त्यानं सगळा घुमट भरून टाकला. निवेदक सांगत होता, हवा विरळ आहे, झाड नाही, झुडूप नाही. मी आशेनं बाबांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि हात जोडले होते.

उजेड झाला तेव्हा मधल्या यंत्राच्या पायाशी लाल कापडावर मसुराची डाळ दिसली. मंगळाचं दान. आईनं ते घरूनच आणलं होतं, दशम्यांच्या पिशवीत. बाहेर निघालेल्या दोन बाया थांबल्या, वाकल्या आणि त्या डाळीच्या पाया पडल्या. निवेदक हसला. मला त्याचा राग आला, आईचा आला आणि माझा तर सगळ्यात जास्त आला.

"माय, दगड हाये तो नुसता!" मी सगळ्यांदेखत ओरडले.

"असन," आई म्हणाली. "पण दर्शन तं झालं."

स्टँडवर दशम्या सोडल्या, पण बाबा घास घेईनात.

"मी त्याले लहानसा समजत होतो," ते म्हणाले. "केवढा मोठा हाये तो, पोरी! अन् अंगावर गवताची काडी नाही. जो स्वतःच्या अंगावर काडी उगवू देत नाही, तो दुसऱ्याले काय जगू देईन?"

त्यांनी मोबाईल काढला. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

"पोरगा लय चांगला हाये," ते म्हणाले. "म्हणूनच तं."

त्याच्या आईला त्यांनी नकार कळवला, आणि घुमटात काय पाहिलं तेही सगळं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. माझे कोरडेच होते.

तरी मला वाटत होतं, त्याची आई बाबांना समजावेल. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिचा फोन आला. आवाज दबलेला होता.

"तुमचे बाबा सांगत होते... खरंच तेवढा मोठा हाये काय वो तो?"

बाजूच्या वर्गात मी आज सकाळीच मंगळ शिकवला होता. खोटं सांगणं मला जमलं नाही.

"रुंदीनं निम्म्या पृथ्वीएवढा," मी म्हटलं.

"बापा!" ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला. पोळा होऊन गेला. त्याचा फोन आला नाही.