लान्स नाईक दानीएल दोरीपलीकडे गेला

आमची प्लाटून रेवदंड्याला आली ती सिग्नलच्या सरावासाठी. मोठी लढाई संपून दहाएक वर्षं झाली होती. मी हवालदार होतो. अलिबागेपासून रेवदंड्यापर्यंत फील्ड टेलिफोनची तार टाकायची आणि चालू ठेवायची, एवढंच काम. पाचला उठणं, सहाला पी.टी., आठला लाइनची तपासणी. तंबू जुन्या कोटाच्या आत होते.

प्लाटूनमध्ये ख्रिस्ती दोघेच. मी, आणि नर्सिंग ऑर्डर्ली लान्स नाईक दानीएल. तो नगरकडचा, कमी बोलणारा. रविवारी दहाला आम्ही उंडीच्या झाडाखाली प्रार्थनेला बसायचो. बायबल मी वाचायचो, अर्थही मीच सांगायचो. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्यावर मी अर्धा तास बोलत असे. दानीएल ऐकायचा आणि उठून कोणाच्या तरी पायाचा फोड बांधायला जायचा.

मे महिन्यात कोळीवाड्यात पटकी, म्हणजे कॉलरा, लागली. अलिबागेहून टेलिफोन आला. मीच घेतला.

"रेवदंडा, कोळीवाड्याला कॉर्डन लावा. आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. समजलं?"

"समजलं, सर."

माडामाडाला दोरी बांधून आम्ही पहारे लावले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, विहिरीत औषध टाकलं आणि म्हणाले, आजाऱ्यांना पाणी पाजायला, धुवायला दोन माणसं हवीत. कॅप्टनसाहेबांनी प्लाटून फॉल इन केली.

"हुकूम देत नाही. जाणाऱ्याने एक पाऊल पुढे यावं."

दानीएल पुढे आला. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमचे रविवार त्यांना ठाऊक होते. लाइनवर हवालदार हवाच, असं मी मनाशी म्हटलं आणि जागेवरच उभा राहिलो. मला तसं कोणी विचारलं नव्हतं.

जाळी ठेवायच्या पडवीत त्याने आजारी निजवले. मी उकळलेल्या पाण्याचे डबे दोरीशी ठेवून दहा पावलं मागे सरायचो, मग तो येऊन न्यायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला तो डबे न उचलता उभा राहिला. सदरा घाणीने भरला होता.

"हवालदारसाहेब, एक माणूस द्या. एकट्याने उचलणं होत नाही."

"ऑर्डर नाही."

त्याने दोरीवर हात ठेवला. मग म्हणाला, "योहानभाऊ, तुम्ही या."

हे नाव तो फक्त प्रार्थनेला घ्यायचा.

"मी ड्यूटीवर आहे, दानीएल."

त्याने मान हलवली, डबे घेतले आणि गेला. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

पाचव्या दिवशी सकाळी डबे न्यायला हिराबाई आली. तिच्या नवऱ्याला दानीएलने वाचवलं होतं.

"तुमचा दानेल पडलाय. येनार का कोन?"

"डॉक्टरांना टेलिफोन केलाय."

"डागदर यील तवा यील. तवर त्याला पानी कोन पाजल?"

मी डबे ठेवून दहा पावलं मागे सरलो.

"ऱ्हाव दे. मी हाय."

डॉक्टर साडेपाचला पोचले. दानीएल चारलाच गेला होता. हिराबाईने त्याला शेवटपर्यंत धुतलं. तो तिला एकच सांगत होता, "मावशी, तुम्ही हात लावू नका. माझं मी करतो."

दिवस मावळायच्या आत कोटाच्या दक्षिणेला वाळूत त्याला पुरलं. प्रार्थना मी वाचली. आवाज जराही कापला नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

कॉर्डन चोख ठेवल्याबद्दल रिपोर्टात माझी तारीफ झाली. पुढे जमादार झालो. नको म्हटलं नाही.

पेन्शनवर आल्यावर मी मिशनच्या दवाखान्यात आजाऱ्यांचं न्हाणंधुणं करू लागलो. लोक मला सेवाभावी म्हणतात. मी खरं काय ते सांगतो, तर त्यांना तो माझा विनय वाटतो.

गेल्या वर्षी रेवदंड्याला गेलो. आमच्या पलटणीच्या डेपोत स्मारकाची शिळा आहे, तिच्यावर दानीएलचं नाव नाही. तिथे लढाईत पडलेल्यांचीच नावं आहेत. रेवदंड्यात मात्र त्याला पुरलेल्या वाळूभोवती दगड रचलेले होते, वर ताजा नारळ होता. एक म्हातारी पाला झाडत होती. हिराबाईच ती. तिने मला ओळखलं नाही.

"आमी होडी लोटायच्या आधी हितं नारल ठेवताव," ती म्हणाली. "तुमी त्याचं कोन? भाव का?"

"नाही," मी म्हणालो. "त्याचा हवालदार."