फ्रिजसमोरच्या चपला

आमचे शेजारी मिरजोळ्याच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर घरातली एकही वस्तू त्यांनी टाकू दिली नाही. पंचवीस वर्षांचा फ्रिज तर त्यांनी इतक्यांदा उघडून जोडला होता, की त्यात मूळचं फक्त दार राहिलं असावं.

"तसं बघायला गेलं तर," ते प्रत्येक वाक्याआधी म्हणत. "तसं बघायला गेलं तर त्याला झालंय काय? जरासा करंट मारतो, एवढंच."

म्हणून फ्रिजसमोर कायम रबरी चपलांचा एक जोड असे. वहिनी त्या घालून मगच दार उघडायच्या. अर्थिंग करून घ्या, असं मी शेजाऱ्यांना दोनदा सांगितलं.

"त्याला खड्डा खणावा लागतो, आणि खाली सगळा जांभा दगड. पहार मारून हात जातील माझे," ते म्हणाले.

श्रावणातल्या एका दुपारी वहिनी चपला न घालता, ओल्या हातांनी दूध काढायला गेल्या आणि तिथेच कोसळल्या. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला मी गेलो, तेव्हा फ्रिज चालूच होता. समोर चपला नव्हत्या. मागून एक जाड वायर खिडकीतून परसात गेली होती. तिथे त्यांनी एकट्याने जांभा फोडून खड्डा खणला होता, मीठ आणि कोळसा भरून बुजवलाही होता. तळहातांवरचे फोड फुटले होते.

"दीड दिवस लागला," ते म्हणाले. त्याआधी 'तसं बघायला गेलं तर' आलं नाही.

मग माझा हात धरून त्यांनी फ्रिजच्या दारावर ठेवला.

"काही लागतं?"

"नाही," मी म्हटलं.

तरी त्यांनी माझा हात सोडला नाही.