जॅकमध्ये कॅनचं पाणी

हायड्रॉलिक यंत्रात तेलाऐवजी पाणी वापरता येतं, हे मी पुस्तकात वाचलं आणि पान न उलटताच घरी आलो.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात वीस वर्षं हायड्रॉलिक प्रेस चालवतात. पण मी पुस्तकाचं नाव काढलं की तेच मान डोलावतात. आमच्या जुन्या कारच्या जॅकमधलं तेल गळून गेलं होतं. मी म्हटलं, "बाबा, पाणी घालू. पेट घेत नाही, हात तेलकट होत नाहीत."

"आमच्या प्रेसला तर तेलच लागतं बघ," बाबा चाचरत म्हणाले. "पण पुस्तकात आहे ना? मग घाल."

बोअरचं पाणी खारं, म्हणून मी प्यायच्या कॅनमधलं घातलं. (एवढी अक्कल होती.)

"जॅकला कॅनचं पाणी," आई म्हणाली, "आणि मी भांडी घासते बोअरच्या पाण्यात."

महिन्याभराने बाबा आणि मी मामाला एग्मोर स्टेशनवर सोडायला निघालो. परवा सोलापुरात त्याच्या मुलीचा साखरपुडा. तिची साडी त्याच्या मांडीवर. अण्णा नगरात कार पंक्चर झाली. मी रुबाबात बाह्या सरसावल्या. जॅकने कार उचलली, मी चाक काढलं, स्टेपनी उचलली, आणि कार सावकाश खाली टेकायला लागली.

"ही बसतेय का रे?" मामाने विचारलं.

"पाणी पातळ असतं ना मामा, सीलमधून निसटतं."

"हे तुला कधी कळलं?"

"आत्ता."

पुन्हा दांडा मारला. जॅक करकरला, तांबूस पाणी थुंकला आणि अडकून बसला.

बाबांनी ते पाणी बोटावर घेऊन पाहिलं. "आतून गंजलाय. तेल असतं तर गंजला नसता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"वाटत होतं. पण शिकलेला तू."

मामा साडी छातीशी धरून मेट्रोकडे धावला. चार मिनिटं राखून त्याला ट्रेन मिळाली. मला तोंड वर करवेना.

"चल, चहा घेऊ," बाबा म्हणाले. "कार काही पळून जात नाही."

पुढच्या चाचणीत प्रश्न आला : हायड्रॉलिक यंत्रात पाणी वापरण्यातल्या अडचणी लिहा. मी अडीच पानं लिहिली. गळती, गंज, वंगण नसणं, सगळं. फक्त मामाचा उल्लेख लाजेने टाळला.

दहापैकी सहा मिळाले. सरांनी खाली शेरा मारला होता : 'पाठांतर चांगलं. प्रत्यक्ष अनुभव शून्य.'