न्हाई त्या बोटांची गादी

वलवणच्या मातीकामाच्या वर्गात मी हत्यारांचा नवाकोरा संच घेऊन गेलो. शेजारी कामशेतच्या एक मावशी बसत. कारखान्यातल्या प्रेसने त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली होती. दुकानातली हत्यारं त्या हातात ठरत नसत, म्हणून त्या भंगारातून स्वतःची बनवत. खोक्याला बांधायच्या पत्र्याच्या पट्टीला बाक द्यायचा, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळायची, आवळून बघायचं, पुन्हा सोडायचं. त्या हत्याराने वाडग्याचं बूड इतकं सुबक तासलं जाई की मला वाटलं, करामत हत्याराचीच.

एकदा त्या चहाला गेल्या आणि मी ते उचललं. ट्यूबचा फुगवटा माझ्या धडधाकट बोटांना आडवा आला, हत्यार सटकलं आणि माझ्या वाडग्याला भोक पडलं.

मावशी परतल्या. वाडगं उचलून भोकातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आवं, ती गादी माज्या न्हाई त्या बोटांची हाय. तुमची तर हायेत की."

"मलाही एक करून द्याल?"

"दीन की. पर तुमचं अडतंय कुटं, ते आदी सांगा."

घरी येऊन मी संचातलं एकेक हत्यार धरून पाहिलं. सगळी हातात छान बसतात. वाडगं मात्र अजून होत नाही.