सातव्या पानावरची गाठ

कुणीही कसलीही गाठ मारली, की सर ती एकदा ओढून बघायचे. माझ्या डब्याच्या पिशवीची, पेपरांच्या गठ्ठ्याची, शिपायानं बांधलेल्या पडद्याच्या दोरीचीसुद्धा. "मारणारा मारतो हो मॅडम. ओढून बघणारा दुसरा लागतो."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, चेष्टा करावीशी वाटणारी. मी भरपूर केली. सोलापूरच्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवायचे, मी गणित. त्यांचे वडील यंत्रमागावर होते. मागावरचा ताणा संपला की जुन्या सुताला नवं सूत एकेक गाठ मारून जोडायचं. वडील गाठ मारायचे, आई ओढून बघायची.

सरांना जोडायचे होते दोन सिद्धांत. अगदी सूक्ष्म पातळीवर गुरुत्वाकर्षण कसं चालतं, यावर शास्त्रज्ञांत दोन तट. एक म्हणतो, सगळं बारीक तारांच्या कंपनातून होतं. दुसरा म्हणतो, अवकाशच बारीक कड्यांनी विणलेलं आहे. एकमेकांचं तोंड बघत नाहीत. "पण कृष्णविवराचं गणित दोघांचं सारखंच येतं की," सर म्हणायचे. "दोन दारांनी शिरून दोघं एकाच माजघरात भेटले, तर घर एकच नाही का?"

कित्येक वर्षं खपून त्यांनी लेख लिहिला आणि माझ्या हातात दिला. "ओढून बघा की."

माझे पेपर तपासायचे पडले होते. पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं, आणि आठवड्यानं सांगितलं, "छान आहे सर." कामचुकारपणा, दुसरं काय. सरांनी लेखाच्या शेवटी माझे आभार मानले आणि लेख परदेशातल्या एका शास्त्रीय नियतकालिकाला पाठवला.

उत्तर दोन ओळींचं आलं. सातव्या पानावर एका आकड्याची किंमत सरांनी दोन्ही उत्तरं जुळावीत अशीच निवडली होती, आणि पुढं तीच जुळणी पुरावा म्हणून मांडली होती. मी पान उघडलं. पाच मिनिटांत दिसत होतं हो. बी.एस्सी.च्या पोरीनंही धरलं असतं.

स्टाफरूममध्ये सर माझ्यासमोर बसले. "सातवं पान तुम्ही बघितलं होतं की, मॅडम?"

"बघितलं होतं. माझ्याही नजरेतून सुटलं."

"मग अवघडच असणार," ते म्हणाले. त्यांचा चेहरा जरा निवळला आणि मला बरं वाटलं, याची आज लाज वाटते. कारण त्यानंतर सरांनी ते काम सोडलं. मॅडमनी नीट बघूनही चूक राहते, तर पुढच्या गाठी कुणाच्या भरवशावर मारायच्या, असं त्यांनी मनाशी धरलं. मी मागे लागले तर म्हणायचे, "जाऊ द्या हो." माझ्या डब्याच्या पिशवीकडेही त्यांचा हात जाईनासा झाला. खरं सांगून टाकायचं मी रोज ठरवायचे, आणि रोज चहा पिऊन उठायचे.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. महिन्याभरानं त्यांच्या पत्नी लेखाची फाईल घेऊन माझ्या घरी आल्या.

"तुमच्याकडंच राहू दे. ते म्हणायचे, चूक दिसली असती तर मॅडम बोलल्याच असत्या. खरं की न्हाय?"

"खरं आहे," मी म्हणाले.

बाईंनी फाईलची नाडी नीट बांधली, आणि माझ्या हातात देण्याआधी एकदा ओढून बघितली.