नाकमावशी आणि आतून भिजणारी काच

"पाणी बाहेरून येतंय म्हणता, मग वास कुठाय? मला आधी वास दाखवा!"

नाकमावशी गाडीच्या पुढच्या सीटखाली डोकं खुपसून बोलत होती. बाहेर दिसत होत्या त्या फक्त तिच्या चपला. शेजारी लेक हाताची घडी घालून उभी.

"बाहेरून येतं असं तुझे जावई म्हणतात, मी नाही. मला एवढंच कळतं, सकाळी निघाले की काच आतून पांढरी. पुसली की पुन्हा पांढरी. गाडी चालवू का काच पुसत बसू?"

"जावयाचं काय सांगतेस! चहात साखर आहे का नाही ते ज्याला बायकोला विचारावं लागतं, तो पाणी शोधणार?"

मावशी गाड्यांच्या सीटा शिवते. हे काम सासऱ्याचं. म्हातारा म्हणायचा, "पोरं मला झाली, पण हात सुनेला आला." नाक मात्र तिचं स्वतःचं. सीटवर पावसाचं पाणी सांडलं, दूध सांडलं, का कुणाच्या लेकरानं कार्यक्रम उरकला, ती नुसतं हुंगून सांगते. मालक आधी नाही नाही म्हणतो आणि मग मान खाली घालतो.

पण ही गाडी इलेक्ट्रिक, आणि लेकीची. लेक घरोघर जाणारी नर्स. चढावरच्या वस्तीत अंथरुणाला खिळलेल्या माणसांना आंघोळ घालायची, जखमा बांधायच्या. तिथली एक आजी तर लेकीशिवाय कुणाला पायाला हात लावू देत नाही. मागच्या आठवड्यात काच धुरकटली नि वळणावर गाडी फाटकाच्या खांबाला घासली. मोठ्या नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलं, "सोमवारपर्यंत काच साफ दिसली पाहिजे. नाहीतर चढावरची वस्ती दुसरीला देते." लेकीनं ती वस्ती भांडून मागून घेतली होती.

मावशीनं खालचा गालिचा उचलला. कोरडा ठणठणीत. मग स्वतः आत बसली नि जावयाला टपावर नळीनं पाणी मारायला लावलं. बाहेर जावई भिजला, आत थेंब नाही. दारांचे रबर चाचपले, कोपरा न् कोपरा हुंगला. कुबट वास म्हणून नाही.

"आभाळातून नाही, रस्त्यातून नाही," ती पुटपुटली, "मग गाडी पाणी पिते कुठलं?"

त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली.

"तू रोजच्यासारखं कर. मी नाहीच असं समज."

"तू नाहीस असं समजायला तू गप्प बसायला पाहिजेस, आई."

मावशी पहिल्या वळणापर्यंत गप्प बसली. मागे बादलीत अंग पुसायचे ओले टॉवेल, वर झाकण नाही. लेक स्वेटर घालून, पंखा अगदी बारीक. आतलीच हवा आत फिरवायचं एक बटण दाबलेलं.

"हे कशाला?"

"बाहेरची थंड हवा घेतली की हीटर जास्त लावावा लागतो. तो चार्जिंग खातो. चढाला बॅटरी पुरायला नको?"

"म्हणजे आपण सोडलेला श्वास पुन्हा आपणच घ्यायचा? वर हे टॉवेल!" मावशीनं बटण सोडायला लावलं, बादलीवर वर्तमानपत्र दाबलं. धुकं थोडं हटलं. पण गेलं नाही. काचेच्या कडांना चिकटून बसलं ते बसलंच.

पहिल्या घरापाशी लेक उतरली. दार लोटलं, ते लागेना. तिनं सवयीनं आत हात घालून काच थोडी खाली केली, पुन्हा लोटलं. आता लागलं.

"हे काय नवीन?"

"काच बंद असली की दार लागत नाही. आपटलं तर कानात दडे बसतात."

लेक आत गेली. मावशी दाराशी खेळत बसली. काच वर, दार लाव. काच खाली, दार लाव. रस्त्यानं जाणारा दूधवाला थांबून बघू लागला.

"बिघडलंय का हो?"

"बिघडलंय का तेच बघतेय. तुम्ही व्हा पुढं, दूध नासेल."

आणि मग तिला सासऱ्याचा पहिला धडा आठवला. रेक्झिनची सीट शिवताना खालून भोक ठेवायचं. नाही ठेवलं तर माणूस बसला की सीट फुगते, आतली हवा जायची कुठून? या गाडीचंही तेच झालं होतं. दार आतल्या हवेला दाबत होतं आणि हवेला वाट नव्हती; श्वासाची, टॉवेलांची वाफही मग आतच कोंडत होती. मग गाडीचं भोक कुठाय?

मावशीचा हात कपाळावर गेला. काखेत कळसा नि गावाला वळसा!

गाडी नवी होती तेव्हा लेक म्हणाली होती, इंजिनाचा आवाज नाही म्हणून मागच्या चाकांची घरघर फार ऐकू येते. मावशीनं डिकीच्या अस्तरामागे जाड फोम ठासला होता. कडेला माशाच्या कल्ल्यासारखी रबरी झडप दिसली, तेव्हा कारखानावाल्यांना हसून तिच्यावर दुहेरी थर चिकटवला होता.

दुकानात येताच तिनं अस्तर उचकटलं, फोम झडपेभोवती चौकोनी कापला. जावयाला पंखा सुरू करायला सांगितलं नि शिवणाचा दोरा झडपेपुढे धरला. दोरा बाहेरच्या बाजूला फडफडला. मग सगळ्या काचा बंद करून तिनं एका बोटानं दार लोटलं. खट्. लागलं.

"म्हणजे तूच बूच मारलं होतंस?" लेक म्हणाली. "आणि नावं माझ्या नवऱ्याला?"

"मीच मारलं. नावं ठेवायला मात्र तो बराय, उलट बोलत नाही. बटण सोडून ठेव आणि बादलीला झाकण घे."

सोमवारी सकाळी फोन वाजला. पलीकडे लेक, आवाज दबलेला. "आई, चढावर पोचलो. मोठ्या बाई शेजारी बसून आल्या. सारख्या काचेकडेच बघत होत्या."

"काचेतून बघा म्हणावं, काचेकडे काय बघायचंय! काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात आजीच्या पायाची पट्टी बदलायची आहे, विसरू नकोस."

"मग विसरू नकोस," मावशी म्हणाली नि फोन ठेवला.

समोर बसड्रायव्हरची सीट उलटी पडली होती. मावशीनं दाभण घेतलं आणि आधी खालून भोक पाडलं.